सपाता हातात बरोबर वाटली, तर पायात सैल होणार

प्रश्न असा आहे : "काकू, मी मुलुंडला राहते, नोकरी करते, क्रोशाची सुई याआधी कधी धरलेली नाही. इमारत नवी झाल्यापासून घरभर व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. आईच्या पायाला गार लागतं, गुडघेही दुखतात. तिच्यासाठी घरात घालायला लोकरीच्या सपाता विणायच्या आहेत. व्हिडिओ बघून एक विणली, तर ती होडीसारखी झाली, कडा तिरक्या गेल्या, आणि टाइल्सवर घसरते ती वेगळीच. सुई आणि लोकर कुठली घेऊ, किती घेऊ, आणि माप कसं काढू?"

काकू म्हणालीस म्हणून सरळ 'तू' म्हणते.

तुझी होडी झाली यात तुझ्या हाताचा दोष थोडाच आहे. सपाता हातात धरून "हं, आईच्या पायाएवढी झाली" असं वाटलं की सगळे तिथे थांबतात, आणि चूक तिथेच होते. विणलेलं कापड ताणतं. त्यावर पन्नास-साठ किलोचं माणूस उभं राहतं, दिवसभर फिरतं, वाकतं, बसतं. आज पायाएवढी असलेली सपाता पंधरा दिवसांत दीड बोट मोठी होते. म्हणून ती पायापेक्षा लहानच विणायची. पहिल्यांदा घालताना दोन्ही हातांनी ओढावी लागली पाहिजे.

हे मी शिकले ते सासूबाईंच्या पायावर. तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. घरात शहाबादी फरशी, डिसेंबरात पहाटे पाय टेकवत नसे. मी त्यांना निळी जोडी विणून दिली, वर पांढरं फूल लावलं. त्यांनी ती अख्ख्या मजल्यावर दाखवून आणली. तिसऱ्या आठवड्यात टाच मागे लोंबायला लागली. त्या बोलल्या काहीच नाहीत, फक्त पाय उचलून चालायच्या त्या पाय घासत चालायला लागल्या. मग एका सकाळी मोरीजवळ ओल्या फरशीवर पाय सटकला. ओट्याची कड हाताला लागली म्हणून निभावलं. ती जोडी मी त्याच दुपारी उसवली.

आता सुई. तू कुठली वापरलीस ते लिहिलं नाहीस, पण दुकानात नुसतं "क्रोशाची सुई द्या" म्हटलं की पुष्कळदा बारीक स्टीलची हातात ठेवतात. ती तोरणाची आणि रुमालाची सुई. रुखवतात मांडायचे ते ताटावरचे नाजूक रुमाल सुती दोऱ्याचे असतात, त्यांना एक-दीड मिलिमीटरची सुई लागते. शिवाय स्टीलच्या सुयांचे नंबर उलटे चालतात, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. म्हणून नंबराच्या भानगडीत पडू नकोस, मिलिमीटर सांग. तुला 5 मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सुई हवी, आणि जमल्यास 4.5 आणि 5.5 चीही एकेक. अंगठा टेकतो त्या चपट्या जागी माप कोरलेलं असतं. पोनी कंपनीच्या सुया सगळीकडे मिळतात, त्या पुरेशा आहेत. मऊ रबरी मुठीच्या महागड्या सुया दिसतील, त्या दुसरी जोडी विणून झाल्यावर घे. तेवढं विणून झालं, तर त्यांचा उपयोग आहे.

लोकरीचं असं आहे, की दुकानात आपण जिला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा मेंढीची नसते, ॲक्रिलिक असते. त्यात वाईट काही नाही. घरात रोज वापरायच्या, चुरगाळायच्या, वरचेवर धुवायच्या वस्तूला ॲक्रिलिक सोयीचं पडतं. खरी लोकर गरम पाण्यात गेली की आटते आणि घट्ट नमद्यासारखी होते. तुझी आई ती एकदा चुकून मशीनमध्ये टाकेल आणि तुझे दहा दिवस वाया जातील. लुधियानाची वर्धमान किंवा ओसवाल घे, चार पदरी साधी. रंग फिका आणि एकच. रात्री ऑफिसातून येऊन ट्यूबलाइटखाली काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके शोधणं शिकाऊ माणसाला जमत नाही, मलाही आता जमत नाही. आणि ती मखमलीसारखी फुगीर लोकर हातात घेऊन मोहात पडू नकोस. तिच्यात टाका दिसत नाही, बोटांनी चाचपून विणावं लागतं, आणि उसवायला गेलीस तर केस निघून हातात टक्कल उरतं. तुला उसवावं लागणारच आहे.

सुती दोऱ्याबद्दल कुणीतरी तुला सांगेलच, कारण मुंबईत लोकर कशाला हा प्रश्न रास्त आहे. जानेवारीत सांताक्रूझचा पारा 16-17 वर उतरला की आपण स्वेटर शोधायला लागतो, बाकी वर्षभर घाम. सुती सपाता घाम टिपते, हे खरं. पण सुताला स्वतःची उसळी नसते, एकदा ताणलं की ताणलेलंच राहतं, आणि पावसाळ्यात ते चार-चार दिवस वाळत नाही, मग कुबट वास. शिकताना ॲक्रिलिक. पुढे एप्रिल-मेसाठी सुती विणायची झाली, तर माप आणखी थोडं कमी धरायचं.

दादर पश्चिमेच्या बाजारात किंवा भुलेश्वरात गेलीस तर लोकर हाताने दाबून, दोरा ओढून बघता येते. रंग मोबाइलवर दिसतो तसा क्वचितच असतो, म्हणून पहिली खरेदी दुकानात जाऊन करावी. एका जोडीला साधारण 100 ते 120 ग्रॅम लागतात, तू 150 घे. सगळे गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्यायचे, कागदी पट्टीवर नंबर छापलेला असतो तो जुळवून. नाहीतर एक सपाता पिस्ता आणि दुसरी जरा कमी पिस्ता होते, आणि आई म्हणते "छान आहे गं", पण नजर तिथेच जाते.

लोकर दुहेरी घेऊन विणायची. दोन गुंड्यांचे दोन धागे एकत्र धरायचे, जणू एकच जाड दोरा आहे. तळवा जाड होतो, दोन धाग्यांमुळे टिकतोही जास्त. सुई खुपसताना दोन्ही धागे आकड्यात आलेत ना, हे पहिल्या चार-पाच ओळींत मुद्दाम बघ, पुढे हात आपोआप बघतो.

टाका एकच शीक, मुका खांब. आमच्या पिढीत ही नावं आईकडून, शेजारणींकडून आली, त्यामुळे घरोघरी थोडी वेगळी असतात, म्हणून कृतीच सांगते. सुई टाक्यात घाल, दोरा घेऊन बाहेर ओढ, सुईवर दोन फास दिसतील. परत दोरा घे आणि दोन्ही फासांतून एकदम बाहेर काढ. झाला मुका खांब. साधा खांब करताना आधी सुईवर एक वेढा घेतात, तो उंच होतो. व्हिडिओत मुक्या खांबाला अमेरिकन बाया सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश बाया त्यालाच डबल क्रोशे म्हणतात. नावं एक पायरी सरकलेली आहेत. तू ब्रिटिश नमुना अमेरिकन कानांनी ऐकून विणलास तर प्रत्येक टाका दुप्पट उंच होतो आणि कापड जाळीदार. तुझ्या होडीचं एक कारण हेही असू शकेल.

सपाता मुक्या खांबाचीच का? उंच खांबांच्या मध्ये फटी राहतात. त्या फटीत पायाचं बोट जातं, आणि आईच्या पायात जोडवी असतील तर ती अडकतात. एकदा अडकून धागा ओढला गेला की ती जागा ढिली पडते. मुक्या खांबाचं कापड दाट आणि हट्टी असतं. तळव्याला तेच हवं.

पण हट्टी कापड ताणत नाही आणि आपल्याला तर थोडं ताणायला हवं. त्यावर उपाय सोपा आहे. विणलेल्या ओळीची वरची कड वेणीसारखी दिसते, प्रत्येक टाक्याला दोन पदर. नेहमी सुई दोन्ही पदरांखालून घालतात. आपण फक्त मागच्या, म्हणजे आपल्यापासून लांबच्या पदरात घालायची. मग कापडावर नांगरटीसारख्या सऱ्या पडतात आणि ते उभं ताणतं, सोडलं की परत येतं. व्हिडिओंमधले बरेच नमुने हे सांगतही नाहीत, आणि दोन्ही पदरांखालून विणलेली सपाता आवळली तर चढत नाही, सैल ठेवली तर राहत नाही.

दोरा धरायचं : डाव्या करंगळीला एक वेढा, मग मधल्या बोटांखालून तर्जनीवर. सुई पेन्सिलसारखी धर की सुरीसारखी, दोन्ही चालतं, त्यावरून वाद घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांच्या विणकामात फरक नसतो. फरक पडतो तो डाव्या हाताच्या ताणाने. नवशिक्याचा हात घट्ट असतो, सुई टाक्यात शिरताना किंचाळते. तसं झालं तर खांदे खाली सोड, खरंच, घट्ट विणणाऱ्या माणसाचे खांदे कानाला लागलेले असतात.

आता मी सांगते ते तुला कंटाळवाणं वाटेल, पण ह्यावाचून पुढचं माप निरर्थक आहे. आधी एक चौकोन विण. 21 साखळ्या घाल (सुईवरच्या फासातून नुसता दोरा ओढला की एक साखळी), एक सोडून पुढच्या टाक्यापासून 20 मुके खांब. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक साखळी घालून काम उलटवायचं आणि मागच्या पदरात परत 20. अशा वीसेक ओळी. मग पट्टी ठेवून कडेचे नव्हे, मधले 10 सेंटिमीटर मोज : आडवे किती टाके, उभ्या किती ओळी. दुहेरी चार पदरी लोकर आणि 5 ची सुई यावर माझा हात 14 टाके आणि 15 ओळी देतो. तुझे 16 आले तर हात घट्ट, 5.5 ची सुई घे. 12 आले तर ढिला, 4.5 ची घे. सुई बदलून परत चौकोन. हात बदलायचा प्रयत्न करू नकोस, तो चार ओळींनी परत आपल्या वळणावर जातो.

चौकोन तिरका होतोय का तेही बघ. तुझ्या कडा तिरक्या गेल्या त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं : ओळीतला शेवटचा टाका सुटतो. तो वळणावर दबलेला असतो, दिसत नाही. 20 चे 19, मग 18, आणि पट्टीचा त्रिकोण. प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकव. उलटून परत येशील तेव्हा शेवटचा टाका त्या पिनेतच करायचा. पहिल्या सपातेत प्रत्येक ओळ मोज. मनात मोजता मोजता फोन आला तर परत पहिल्यापासून मोज, अंदाज धरू नकोस.

माप आईच्या पायाचं घ्यायचं, चपलेच्या नंबराचं नाही. संध्याकाळी घे, दिवसभरात पाय थोडे सुजतात. टाच भिंतीला लावून कागदावर उभं कर, सगळ्यात लांब बोटापर्यंत खूण कर. उभं राहूनच, कारण वजन पडलं की पाय पसरतो. मग चवड्याचा घेर, म्हणजे बोटांच्या मुळाशी सगळ्यात रुंद जागी शिंप्याची टेप गुंडाळून. दोन्ही पायांचं घे, सारखे असतीलच असं नाही, मोठं असेल ते धर.

समज, लांबी 24 आणि घेर 23 सेंटिमीटर आला. घेरातून दहावा भाग वजा कर, 20.7 उरले. चौकोनात 10 सेंटिमीटरला 14 टाके होते, म्हणजे सेंटिमीटरला 1.4. गुणाकार केला की 29 च्या आसपास. दुमडायला सोपं जावं म्हणून सम आकडा घे, 28. लांबी मात्र पायाइतकीच धरायची, 24 × 1.5 म्हणजे 36 ओळी. टाच आणि चवडा मिटवताना दोन-तीन सेंटिमीटर आपोआप खाल्ले जातात आणि सपाता पायापेक्षा लहान होते, म्हणून लांबीतून वेगळी वजाबाकी नको. आईचे पाय सुजत असतील, गोळ्यांमुळे किंवा कशानेही, तर घेरातून दहाव्याऐवजी विसावा भाग वजा कर. आवळून रक्त अडवणारी सपाता नको.

आणि जोडी हवी असेल तर तीन विणायच्या. हे मी सगळ्यांना सांगते आणि कोणी ऐकत नाही. पहिली सपाता विणताना पहिल्या दहा ओळी घट्ट असतात, पुढच्या ढिल्या होत जातात, कारण हात बसत असतो. तिच्याशी जुळणारी दुसरी तू कधीच विणू शकणार नाहीस, कारण दुसरी विणणारा हात वेगळा आहे. म्हणून पहिली शेवटपर्यंत पूर्ण कर, आईच्या पायात घालून बघ, काय कमी-जास्त झालं ते कागदावर लिही, आणि मग ती उसवून टाक. लोकर वाया जात नाही. दुसरी आणि तिसरी लागोपाठ विण, मध्ये महिना जाऊ देऊ नकोस. पहिली उसवण्याआधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलीस, तर जोडीला लोकर पुरेल की नाही तेही कळतं.

आता प्रत्यक्ष सपाता. 29 साखळ्या. साखळी नेहमी घट्ट येते, म्हणून ती 5.5 च्या सुईने घाल आणि पुढच्या ओळीपासून 5 ची घे. सुरुवातीची शेपटी हातभर लांब ठेव, टाच शिवायला तीच लागेल. 28 मुके खांब, मग मागच्या पदरात 36 ओळी. बस, एवढंच विणकाम. हा चौकोनी तुकडा बघून तुला वाटेल, ह्याची सपाता कशी होणार.

तुकडा उभा दुमड, सऱ्या पायाभोवती वळसा घालतील अशा. साखळीची कड म्हणजे टाच. ती दोन्ही अर्धी एकमेकांना लावून जाड लोकरीच्या सुईने शीव. आता खाली टाचेला टोक आलं असेल, शेंडीसारखं. बाजारात न्यायची कापडी पिशवी शिवताना तळाचे कोपरे कसे आडवे शिवून चौकोनी करतात, तसंच हे टोक दाबून चपटं कर आणि तीनेक सेंटिमीटरची आडवी शिवण घाल. टाच गोल बसते.

चवड्याच्या बाजूला, लोकर तोडताना परत हातभर शेपटी ठेव. ती सुईत ओवून शेवटच्या ओळीतल्या 28 टाक्यांतून एकेक करून फिरव. ओढलंस की नाडीच्या बटव्यासारखं तोंड मिटेल. लगेच गाठ मारू नकोस. नुसतं ओढून धर, वरची शिवण कच्च्या टाक्यांनी घाल, चवड्याकडून मागे दहाएक सेंटिमीटर, आणि आईला घालायला दे. लांब झाली तर ओढलेला दोरा सोडून दोन ओळी उसवायच्या, आखूड असेल तर दोन वाढवायच्या. मापाची चूक शेवटच्या क्षणी दुरुस्त होते, ह्याच कारणासाठी मी नवशिक्यांना हा चौकोनी प्रकार सांगते. चवड्याकडून गोल फिरत विणायची सपाता दिसते जास्त देखणी, पण तिच्यात टाके वाढवायचं गणित आहे आणि चुकलं तर मुळापासून उसवावं लागतं. ती पुढच्या वर्षी.

पायात नीट बसली की पक्की शिवण, मग पाय घालायच्या तोंडाभोवती मुक्या खांबाची एक फेरी. ह्या फेरीत दर सहावा टाका सोड, म्हणजे काठ किंचित आत ओढला जाईल. टाच मागून उघडी ठेवायची, नुसता चवडा झाकायचा, अशा फॅशनच्या सपाता आईला विणू नकोस. मागून मोकळी सपाता पायात टिकवायला माणूस नकळत बोटं आवळतं आणि पाय घासतं. वय झालेल्या माणसाला मागून बंदच हवी.

गाठी आणि धाग्यांची टोकं कधीही आतल्या बाजूला ठेवू नकोस. बाहेर काढून कापडात लपव, दिसली तरी चालेल. आईला मधुमेह असेल तर हे फारच महत्त्वाचं. तळव्याची संवेदना कमी झालेली असली की आतली गाठ टोचतेय हे कळत नाही आणि त्याची जखम होते. शिवून झाल्यावर आत हात घालून बोटांनी सगळीकडे चाचप. तुझ्या बोटाला लागलं ते तिच्या पायाला लागणार.

आता घसरणं. व्हिट्रिफाइड टाइलवर ॲक्रिलिक म्हणजे गुळगुळीतावर गुळगुळीत. आमच्या शहाबादीला निदान थोडा खरखरीतपणा होता. तळव्याला काही लावल्याशिवाय सपाता आईला देऊच नकोस, "तोवर घाल, मग लावून देते" असंही नको. ग्लू गनचा गोंद बरेच जण लावतात, मीही लावला. तो थंड झाला की कडक होतो आणि काही दिवसांत खवल्यांसारखा निघतो. हार्डवेअरच्या दुकानात बेसिनच्या कडेला भरायचं पारदर्शक सिलिकॉन मिळतं, ते चांगलं. सपातेत पुठ्ठा घालून तळवा ताठ कर, आणि चवड्याखाली आणि टाचेखाली मुगाएवढे ठिपके दे, बोटाने जरा दाबून, म्हणजे लोकरीत शिरतील. एक दिवस पंख्याखाली वाळू दे. वाळताना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो, तो नंतर जातो. ठिपके झिजले की परत द्यायचे.

ह्याहून पक्का उपाय म्हणजे खरा तळ. जुन्या रबरी चपलेचे पट्टे काढ आणि तळ आईच्या पायाच्या आकारात काप. कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत, सेंटिमीटर-सेंटिमीटरवर भोकं पाडायला तो तळ स्टेशनबाहेरच्या चप्पल दुरुस्तीवाल्या काकांकडे दे. त्यांच्या आरीने दहा मिनिटांचं काम आहे, घरी कातरीने करायला गेलीस तर बोट कापशील आणि रबर फाटेल. मग जाड दोऱ्याने सपातेच्या तळाला शिवून टाक. मात्र रबर नवं असताना जास्त धरतं, झिजून गुळगुळीत झालेला तळ घेऊ नकोस. चामड्याचा तळ हवा असेल तर कुर्ल्याजवळच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत चपला-बूट बनवणाऱ्यांची वस्ती आहे, तिथे चौकशी कर. पण आईसाठी मी रबरच म्हणेन. गुळगुळीत चामडंही टाइलवर सरकतं.

लोकलमध्ये विणायचं विचारणार असशील तर खुशाल विण. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर उघडी असते, गर्दीत सुई निसटली की वीस-तीस टाके सुटतात. क्रोशात सुईवर एकच टाका असतो. दादरला उतरताना त्यात सेफ्टी पिन अडकवायची आणि पिशवीत टाकायचं. रोज जाता-येता तासभर मिळाला तर तीन सपाता तीन-चार आठवड्यांत होतात.

धुणं सोपं आहे. साध्या साबणाच्या पाण्यात हाताने, किंवा उशीच्या अभ्र्यात घालून मशीनमध्ये. पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं. दोरीवर चिमट्याला लावलं की पाण्याच्या वजनाने लांब होतात आणि तुझं सगळं गणित पाण्यात. आडव्या ठेवून वाळव. इस्त्री अजिबात नको, ॲक्रिलिक वितळून चपटं होतं आणि परत कधी उठत नाही.

एक राहिलं. तळव्याला काहीही लावलंस तरी ओल्या फरशीवर लोकर ती लोकरच, पाणी पिते आणि जड होते. बाथरूमच्या दाराशी पायपुसण्याच्या शेजारी आईची रबरी चप्पल कायम ठेव, आणि एक खुर्ची. सपाता काढून चप्पल घालायला तिला उभ्याने एका पायावर तोल सावरावा लागू नये.